लिगामेंट, टेंडन आणि सांध्यांच्या शस्त्रक्रियांवरचा शोधनिबंध कसा वाचावा

गुडघ्यातील एसीएल हे लिगामेंट (मांडीचे व नडगीचे हाड जोडून गुडघा स्थिर ठेवणारा पट्टा) तुटल्यावर लगेच शस्त्रक्रिया करावी की आधी व्यायामोपचार करून पाहावेत, या प्रश्नावर तीन नावाजलेल्या चाचण्या तीन वेगळी उत्तरे देताना दिसतात. २०१० मध्ये प्रसिद्ध झालेल्या स्वीडनमधील चाचणीत दोन्ही मार्गांत फरक आढळला नाही. २०२१ मधील नेदरलँड्सच्या चाचणीत लवकर शस्त्रक्रिया झालेल्यांचे गुण थोडे अधिक निघाले. आणि २०२२ मधील ब्रिटनच्या चाचणीने शस्त्रक्रियेच्या बाजूने कौल दिला. केवळ निष्कर्षाची वाक्ये वाचणारा विद्यार्थी किंवा रुग्ण येथे गोंधळतो, आणि अनेकदा संशोधनावरचा त्याचा विश्वासच उडतो. वास्तविक या तिन्ही चाचण्यांत विसंगती फार थोडी आहे. त्यांनी विचारलेले प्रश्नच वेगळे होते, आणि ते प्रश्न निष्कर्षात नव्हे, तर निबंधाच्या ‘पद्धती’ या भागात लिहिलेले असतात.

हा लेख अस्थिरोगशास्त्राचे पदव्युत्तर विद्यार्थी आणि फिजिओथेरपिस्ट यांच्यासाठी लिहिला आहे. मात्र स्वतःच्या गुडघ्याविषयी किंवा खांद्याविषयी निर्णय घ्यायची वेळ आलेल्या चिकित्सक वाचकालाही यातील बहुतेक पायऱ्या स्वतः चढता येतील.

पायरी १ : वाचनाचा क्रम बदलावा

प्रथम पूर्ण निबंध मिळवावा. केवळ सारांशावर भागवू नये. त्यासोबत पुरवणी तक्ते आणि चाचणीची पूर्वनोंदणी (सुरुवातीआधी जाहीर केलेला आराखडा) हीदेखील उघडून ठेवावी. वाचताना आधी पद्धती, मग रुग्णांचा प्रवाह दाखवणारी आकृती, त्यानंतर दोन्ही गटांच्या मूळ स्थितीचा पहिला तक्ता, मग निकाल, आणि लेखकांची चर्चा सर्वांत शेवटी, असा क्रम ठेवावा. चर्चेचा भाग आधी वाचला की लेखकांचे मत आपल्या डोक्यात घर करते, आणि पुढे तक्त्यातले आकडे आपण त्याच मताच्या चष्म्यातून पाहू लागतो.

पायरी २ : चाचणीचा प्रश्न स्वतःच्या शब्दांत एका वाक्यात लिहावा

या वाक्यात रुग्ण कोण होते, इजा कोणती व किती जुनी होती, कोणत्या उपचाराची तुलना कशाशी झाली, मोजमाप कशाने झाले आणि किती काळानंतर झाले, एवढ्या गोष्टी आल्याच पाहिजेत. स्वीडनमधील कॅनन चाचणीसाठी हे वाक्य असे होईल : ‘१८ ते ३५ वयाच्या, सक्रिय पण व्यावसायिक खेळाडू नसलेल्या आणि एसीएल तुटून ४ आठवड्यांहून अधिक काळ न झालेल्या १२१ व्यक्तींमध्ये, इजेपासून १० आठवड्यांच्या आत केलेली पुनर्रचना (तुटलेल्या लिगामेंटच्या जागी टेंडनचा तुकडा, म्हणजे ग्राफ्ट, बसवण्याची शस्त्रक्रिया) व व्यायामोपचार यांची तुलना, आधी व्यायामोपचार आणि गरज भासल्यास नंतर पुनर्रचना या मार्गाशी केली, आणि २ वर्षांनी केओओएस या गुडघ्याविषयी रुग्णाने भरायच्या प्रश्नावलीच्या गुणांत झालेला बदल पाहिला.’ हे वाक्य लांबलचक आहे आणि ते तसेच असू द्यावे, कारण त्यातला प्रत्येक तुकडा निष्कर्षाची मर्यादा ठरवतो. ‘एसीएलसाठी शस्त्रक्रिया लागत नाही’ असा मथळा जेव्हा छापला जातो, तेव्हा यातले निम्मे तुकडे गळालेले असतात.

पायरी ३ : नेमकी कोणाची तुलना कोणाशी झाली, हे तपासावे

माझ्या मते ही सर्वांत महत्त्वाची पायरी आहे, म्हणून येथे थोडे थांबू.

कॅनन चाचणीत शस्त्रक्रिया विरुद्ध व्यायाम अशी तुलना नव्हती. दोन्ही गटांना सारखाच व्यायामोपचार मिळाला. एका गटात शस्त्रक्रिया सर्वांची व लवकर झाली, तर दुसऱ्या गटात ज्यांना गरज वाटली त्यांचीच झाली. दोन वर्षांत दुसऱ्या गटातील ५९ पैकी २३ जणांनी शस्त्रक्रिया करून घेतली, आणि पाच वर्षांअखेर हा आकडा ३० वर पोहोचला. गुणांतील सुधारणा पहिल्या गटात ३९.२ आणि दुसऱ्या गटात ३९.४ इतकी, म्हणजे जवळपास तंतोतंत सारखी होती. याचा अर्थ असा की, इजा ताजी असताना ‘आधी व्यायाम, मग गरजेनुसार शस्त्रक्रिया’ हे धोरण स्वीकारल्याने त्या रुग्णांचे सरासरी नुकसान झाले नाही, आणि निम्म्याच्या आसपास लोकांची शस्त्रक्रिया टळली. उरलेल्या निम्म्यांना ती लागली, हेही तितक्याच ठळकपणे सांगितले पाहिजे.

नेदरलँड्समधील चाचणीत १६७ रुग्ण होते आणि रचना बरीचशी अशीच होती. व्यायामोपचाराच्या गटातील ८२ पैकी ४१ जणांची पुढे शस्त्रक्रिया झाली. दोन वर्षांनी आयकेडीसी या प्रश्नावलीवर लवकर शस्त्रक्रिया झालेल्यांना सरासरी ८४.७ आणि दुसऱ्या गटाला ७९.४ गुण मिळाले. हा फरक संख्याशास्त्राच्या कसोटीवर उतरला, पण तो रुग्णाला जाणवण्याइतका आहे का, हे स्पष्ट नसल्याचे लेखकांनी स्वतःच लिहिले आहे.

ब्रिटनमधील चाचणीचे ३१६ रुग्ण मात्र वेगळ्या टप्प्यावरचे होते. त्यांची इजा ताजी नव्हती, आणि गुडघा लचकतो किंवा दगा देतो अशी तक्रार घेऊनच ते आले होते. दुसऱ्या शब्दांत, व्यायामाने ज्यांचे भागले असते अशांपैकी अनेक जण या गाळणीतून आधीच बाजूला गेलेले होते. अशा रुग्णांत १८ महिन्यांनी शस्त्रक्रियेच्या गटाचे गुण ७३.० आणि व्यायामोपचाराच्या गटाचे ६४.६ निघाले. आता तिन्ही निकाल शेजारी ठेवावेत : ताज्या इजेत वाट पाहून निर्णय घेणे रास्त आहे, तर ज्यांचा गुडघा काही काळानंतरही अस्थिर राहतो, त्यांना शस्त्रक्रियेचा फायदा होण्याची शक्यता अधिक आहे. दवाखान्यातील अनुभवी सर्जन साधारण हेच सांगतात.

पायरी ४ : पुरावा प्रयोगशाळेतला, प्राण्यांवरचा, नोंदवहीतला की चाचणीतला, हे ठरवावे

लिगामेंटच्या संशोधनात प्रयोगशाळेतील ताकदीचे आकडे फार लवकर भुरळ घालतात. मृतदेहांतील सांध्यांवर केलेल्या मापनांत तरुण व्यक्तीचे मूळ एसीएल तुटण्यासाठी सुमारे २१६० न्यूटन बल लागले. गुडघ्याच्या वाटीखालील टेंडनच्या (टेंडन म्हणजे स्नायूची ओढ हाडापर्यंत पोहोचवणारा पट्टा) १० मिलिमीटर रुंद ग्राफ्टसाठी हा आकडा ३००० न्यूटनच्या जवळ, तर हॅमस्ट्रिंगच्या (मांडीमागील स्नायूंच्या टेंडनच्या) चौपदरी ग्राफ्टसाठी ४००० न्यूटनच्या वर गेला. एवढ्यावरून हॅमस्ट्रिंगचा ग्राफ्ट सर्वांत भरवशाचा ठरायला हवा होता. परंतु स्कँडिनेव्हियन देशांतील शस्त्रक्रियांच्या राष्ट्रीय नोंदवह्या एकत्र तपासल्या तेव्हा पुन्हा शस्त्रक्रिया करावी लागण्याचे प्रमाण वाटीच्या टेंडनच्या ग्राफ्टमध्ये कमी दिसले.

असे का घडते? पहिले कारण त्या प्रयोगातच दडलेले आहे. चारही पदरांना वजने लावून अगदी समान ताण दिला तेव्हाच ती मोठी ताकद मिळाली. तेच पदर हाताने ताणले असता चौपदरी ग्राफ्टचा हा लाभ टिकला नाही. दुसरे कारण अधिक खोल आहे. प्रयोगशाळा ग्राफ्टची पहिल्या दिवसाची ताकद मोजते. शरीरात बसवलेल्या ग्राफ्टचा रक्तपुरवठा सुरुवातीला तुटलेला असतो. त्यातील पेशी मरतात, नवीन पेशी व रक्तवाहिन्या आत शिरतात, तंतूंची पुनर्रचना होते, आणि या काळात ग्राफ्ट काही महिने मुळापेक्षा कमकुवत राहतो. शिवाय हाडाच्या बोगद्यात हाडाचा तुकडा हाडाशी जितक्या लवकर सांधतो, तितक्या लवकर मऊ टेंडन हाडाशी सांधत नाही. हे ज्ञान बहुतांशी प्राण्यांवरील अभ्यासांतून आले आहे, आणि प्राण्यांत बरे होण्याचा वेग माणसासारखाच असतो असे गृहीत धरता येत नाही. म्हणून प्रयोगशाळेतील निबंध वाचताना ‘हे का घडत असावे’ याचे उत्तर शोधावे. ‘रुग्णाला काय करावे’ याचे उत्तर त्यातून काढू नये.

पायरी ५ : रुग्णाला आपल्यावर काय झाले हे ठाऊक होते का, हे पाहावे

वेदना हा परिणाम असेल तर ही पायरी ओलांडून पुढे जाता येत नाही. शस्त्रक्रियेची अपेक्षा, भूल, टाके आणि सर्जनचा धीर या सगळ्यांचा वेदनेवर परिणाम होतो, आणि तो वगळून पाहायचा तर दिखाऊ शस्त्रक्रियेशी तुलना करावी लागते. २००२ मध्ये प्रसिद्ध झालेल्या, गुडघ्याच्या झिजेवरील १८० रुग्णांच्या चाचणीत एका गटाच्या त्वचेवर केवळ छेद दिले गेले, आणि खऱ्या शस्त्रक्रियेतील धुण्याचा आवाज वाटावा म्हणून सलाइनचे पाणी उडवले गेले. दुर्बिणीतून सांधा धुणे किंवा साफ करणे हे या दिखाऊ उपचारापेक्षा सरस ठरले नाही. फिनलंडमध्ये २०१३ साली प्रसिद्ध झालेल्या चाचणीत, झिजेमुळे मेनिस्कस (गुडघ्यातील कूर्चेची गादी) फाटलेल्या १४६ रुग्णांपैकी दिखाऊ गटात सर्जनने नेहमीप्रमाणे उपकरणे मागितली, सक्शन चालू ठेवले आणि पाते नसलेले शेव्हर (सांध्यातील भाग कापून काढण्याचे उपकरण) बाहेरून वाटीवर दाबून धरले. रुग्णाला खोलीत तेवढाच वेळ ठेवले. बारा महिन्यांनी दोन्ही गट सारखेच सुधारले होते.

या निकालांचा गैरवापरही होतो, म्हणून एक इशारा देणे आवश्यक वाटते. हे निष्कर्ष झिजेमुळे फाटलेल्या मेनिस्कसचे आणि झिजलेल्या गुडघ्याचे आहेत. खेळताना मेनिस्कस फाटून गुडघा अडकून बसलेल्या तरुणाला ते लावणे चूक आहे; तो रुग्ण या चाचण्यांत नव्हताच. दिखाऊ गट ठेवणे शक्य नसेल, उदाहरणार्थ एसीएलच्या चाचण्यांत, तर निदान मोजमाप करणाऱ्याला गट माहीत नव्हता का, एवढे तरी तपासावे.

पायरी ६ : परिणाम कशाने मोजला, आणि त्या मापाचा रुग्णाशी काय संबंध, हे विचारावे

सर्जनला मिलिमीटर आणि एमआरआय प्रिय असतात, तर रुग्णाला जिना उतरता येणे आणि मैदानावर वळता येणे महत्त्वाचे असते. गुडघा दुसऱ्या, निरोगी गुडघ्यापेक्षा ३ मिलिमीटर अधिक सरकतो, हे यंत्राने अचूक सांगता येते. पण त्यावरून तो रुग्ण समाधानी आहे की नाही हे सांगता येत नाही. खांद्याच्या रोटेटर कफच्या (खांदा धरून ठेवणाऱ्या टेंडनच्या वेढ्याच्या) शस्त्रक्रियेनंतर सोनोग्राफीत टेंडन पुन्हा फाटलेला दिसूनही रुग्णाचा खांदा सुधारलेला असणे, हे नेहमी आढळते. म्हणून रुग्णाने स्वतः भरलेल्या प्रश्नावलीला आज प्राधान्य मिळाले आहे. केओओएसमध्ये वेदना, इतर लक्षणे, दैनंदिन हालचाल, खेळ आणि जीवनमान असे पाच भाग असून प्रत्येकाला ० ते १०० गुण असतात. गुडघ्याच्या सांधेबदलासाठी वापरल्या जाणाऱ्या ऑक्सफर्ड गुणांकनात १२ प्रश्न व एकूण ४८ गुण असतात. केओओएसवर साधारण ८ ते १० गुणांचा फरक रुग्णाला जाणवतो असे सहसा धरले जाते. त्याहून लहान फरक संख्याशास्त्रीयदृष्ट्या सिद्ध झाला, तरी त्यासाठी भूल व शस्त्रक्रियेची जोखीम घ्यावी का, हा वेगळा प्रश्न उरतो.

मुख्य परिणाम अनेक घटक जोडून बनवला असेल तर तो सुटा करून वाचावा. हॅमस्ट्रिंगच्या ग्राफ्टला गुडघ्याच्या बाहेरील बाजूच्या आधाराची जोड द्यावी का, हे तपासणाऱ्या ६१८ तरुण रुग्णांच्या २०२० मधील चाचणीत ‘अपयश’ ४० टक्क्यांवरून २५ टक्क्यांवर आले. या अपयशात तपासणीच्या टेबलावर जाणवणारा ढिलेपणाही मोजला होता. प्रत्यक्ष ग्राफ्ट तुटण्याचे प्रमाण ११ टक्क्यांवरून ४ टक्क्यांवर आले. हा फरकही मोलाचाच आहे, पण रुग्णाला सांगायचा आकडा हा दुसरा आहे.

व्याख्येमुळेही आकडे बदलतात. एसीएलच्या पुनर्रचनेनंतर ‘खेळात परतणे’ या एकाच शब्दसमूहाखाली, २०१४ मधील एका मोठ्या एकत्रित विश्लेषणात तीन आकडे निघाले : कोणत्याही खेळात परतलेले ८१ टक्के, इजेपूर्वीच्या पातळीवर परतलेले ६५ टक्के आणि स्पर्धात्मक खेळात परतलेले ५५ टक्के. रुग्णाच्या मनात बहुधा दुसरा किंवा तिसरा आकडा असतो, आणि त्याला पहिला ऐकवला जातो.

पायरी ७ : टक्क्यांचे माणसांत रूपांतर करावे

टाचेमागील अकिलिस टेंडन तुटण्यावरील नॉर्वेमधील चाचणी २०२२ मध्ये प्रसिद्ध झाली. विनाशस्त्रक्रिया उपचार, मोठ्या छेदाची शस्त्रक्रिया आणि लहान छेदाची शस्त्रक्रिया असे तीन गट त्यात होते, आणि ५२६ रुग्णांचे अंतिम विश्लेषण झाले. मुख्य परिणाम, म्हणजे बारा महिन्यांनंतरचे एटीआरएस प्रश्नावलीचे गुण, तिन्ही गटांत सारखे होते. मात्र टेंडन पुन्हा तुटण्याचे प्रमाण शस्त्रक्रियेविना ६.२ टक्के आणि दोन्ही शस्त्रक्रियांत ०.६ टक्के होते. ‘दसपट धोका’ असे म्हटले की ऐकणारा दचकतो. तेच असे मांडावे : शंभर जणांची शस्त्रक्रिया केली नाही तर सुमारे सहा जणांचा टेंडन पुन्हा तुटेल, केली तर एखाद्याचा, म्हणजे एक पुनर्इजा टाळण्यासाठी साधारण १८ जणांची शस्त्रक्रिया करावी लागेल. त्याच तक्त्यात पुढे मज्जातंतूची इजा लहान छेदाच्या गटात ५.२ टक्के, मोठ्या छेदाच्या गटात २.८ टक्के आणि शस्त्रक्रियेविना ०.६ टक्के असल्याचे दिसते. हे दोन्ही आकडे एकाच कागदावर शेजारी लिहिल्यावरच रुग्णाशी प्रामाणिक बोलणे शक्य होते.

गट बदललेल्यांची संख्याही येथेच मोजावी. मेनिस्कस फाटलेल्या व सांधा झिजलेल्या ३५१ रुग्णांच्या २०१३ मधील अमेरिकेतील चाचणीत, व्यायामोपचाराच्या गटातील ३० टक्के लोकांनी सहा महिन्यांत शस्त्रक्रिया करून घेतली. ब्रिटनच्या एसीएल चाचणीत तर उलटेही घडले : शस्त्रक्रियेच्या गटातील २८ टक्के लोकांची शस्त्रक्रिया झालीच नाही. ज्याचे नाव ज्या गटात निघाले त्याला त्याच गटात मोजणे हीच योग्य पद्धत आहे, कारण त्यामुळे सोडतीने (कोण कोणत्या गटात जाईल हे चिठ्ठी टाकल्यासारखे ठरवून) साधलेला समतोल टिकतो. पण गटबदल मोठा असेल तर ‘फरक आढळला नाही’ हे वाक्य दोन उपचारांविषयी नसून दोन धोरणांविषयी आहे, हे वाचकाने स्वतःला बजावावे.

लहान गटांतील टक्केवारीबद्दल विशेष सावध राहावे. एसीएलच्या पुनर्रचनेनंतर दोन वर्षे पाहणी केलेल्या १०६ रुग्णांच्या, २०१६ मधील एका अभ्यासात, खेळात परतण्याच्या कसोट्या पूर्ण न करता परतलेल्यांपैकी ३८.२ टक्के लोकांना पुन्हा इजा झाली, तर कसोट्या पूर्ण केलेल्यांपैकी ५.६ टक्के लोकांना. नऊ महिन्यांपर्यंत प्रत्येक महिन्याच्या विलंबाने धोका निम्म्याने घटल्याचेही त्यात दिसले. मी स्वतः या निष्कर्षावर विसंबतो, कारण तो ग्राफ्टच्या जीवशास्त्राशी जुळतो. तरीही एवढ्या छोट्या अभ्यासात दोन-तीन माणसे इकडची तिकडे झाली असती तर टक्केवारी बरीच हलली असती. शिवाय येथे सोडत नव्हती. चिकाटीने कसोट्या पूर्ण करणारा रुग्ण इतर बाबतींतही अधिक काळजी घेणारा असू शकतो.

पायरी ८ : काळ पुरेसा होता का, हे पाहावे

ग्राफ्टसाठी दोन वर्षे हा किमान काळ मानतात; कृत्रिम सांध्यासाठी तो अगदीच अपुरा आहे. येथे सोडतीच्या चाचण्या थकतात आणि राष्ट्रीय नोंदवह्या कामाला येतात. स्वीडनने गुडघ्याच्या सांधेबदलाची नोंदवही १९७५ मध्ये आणि खुब्याची १९७९ मध्ये सुरू केली. नॉर्वेने २००४ मध्ये एसीएलसाठीही नोंदवही उघडली. अशा नोंदवह्यांच्या आधारे २०१९ मध्ये असे मांडले गेले की, बदललेल्या खुब्यांपैकी सुमारे ५८ टक्के आणि संपूर्ण बदललेल्या गुडघ्यांपैकी सुमारे ८२ टक्के २५ वर्षे टिकतात. धातूवर धातू घासणाऱ्या खुब्याच्या कृत्रिम सांध्यांतील दोषही असाच उघड झाला; ऑस्ट्रेलियाच्या नोंदवहीने धोक्याची सूचना दिली आणि २०१० मध्ये असे एक उत्पादन बाजारातून मागे घेतले गेले.

नोंदवहीत ‘टिकला’ म्हणजे ‘पुन्हा शस्त्रक्रिया झाली नाही’, एवढाच अर्थ असतो. वेदना असूनही वय, आजार किंवा भीतीपोटी पुन्हा शस्त्रक्रिया न करवून घेणारा रुग्ण तेथे यशस्वी म्हणूनच मोजला जातो.

पायरी ९ : सर्जन, तंत्र आणि पुनर्वसन

येथे तीन गोष्टी पाहिल्या तरी पुरे : शस्त्रक्रिया करणाऱ्यांचा अनुभव किती होता, पूर्वनोंदणीत जाहीर केलेला मुख्य परिणामच निबंधात मुख्य म्हणून दिला आहे का, आणि उपकरण बनवणाऱ्या कंपनीचा आर्थिक संबंध होता का. यांत पुनर्वसनाची भर घालावी, कारण त्याचे वर्णन सहसा दोन ओळींत उरकलेले असते. अकिलिसच्या विनाशस्त्रक्रिया उपचारात लवकर वजन टाकणे व लवकर हालचाल सुरू करणे यांमुळे चित्र किती बदलते, हे पाहता जुन्या काळी सहा-आठ आठवडे प्लॅस्टरमध्ये ठेवलेल्या गटाशी केलेली तुलना आज जशीच्या तशी लावता येत नाही.

पायरी १० : समोरच्या रुग्णाशी ताडून पाहावे

शेवटी पायरी दोनमध्ये लिहिलेले वाक्य पुन्हा घ्यावे आणि त्याखाली आपल्या रुग्णाचे तसेच वाक्य लिहावे : वय, इजेचा काळ, गुडघा दगा देतो का, मेनिस्कस किंवा दुसरे लिगामेंट सोबत फाटले आहे का, कोणत्या खेळात किंवा कामात परतायचे आहे, आणि व्यायामोपचार किती आठवडे व किती नियमितपणे झाला. जेथे दोन वाक्ये जुळतात तेथे निबंधाचा आकडा वापरावा. जेथे जुळत नाहीत तेथे तो आकडा रुग्णाला सांगताना कोणत्या बाबतीत त्याची स्थिती वेगळी आहे हेही सांगावे. रुग्ण स्वतः हे वाचत असेल, तर त्याने सर्जनच्या भेटीला जाताना चार प्रश्न लिहून न्यावेत : माझ्यासारख्या रुग्णांवर हा अभ्यास झाला आहे का, शस्त्रक्रिया तीन महिने पुढे ढकलली तर माझ्या मेनिस्कसला किंवा टेंडनला काय धोका आहे, शंभरांपैकी किती जणांना पुन्हा शस्त्रक्रिया लागते, आणि शस्त्रक्रियेनंतरच्या नऊ महिन्यांत माझे पुनर्वसन कोण पाहणार आहे. यांपैकी दुसऱ्या प्रश्नाचे उत्तर एमआरआय समोर ठेवूनच मागावे, कारण टाके घालून वाचवता येण्यासारखी मेनिस्कसची फाट सोबत असेल तर थांबण्याचा हिशेबच बदलतो.